इली, एल्ली, इल्ली

१

शाळेचा गणवेश घालण्याआधी रोज सकाळी माझं एक काम ठरलेलं असायचं. अभ्यासाच्या टेबलावरच्या लेंड्या उचलायच्या.

उंदरांच्या लेंड्या. काळ्या, दोन्ही टोकांना निमुळत्या, करपलेल्या तांदळाच्या दाण्यांसारख्या. जुन्या असल्या की कागदावर खडखडत घरंगळायच्या. ताज्या असल्या की चिरडायच्या आणि कागदावर तपकिरी रेघ उमटायची. मी हाताला दुधाची रिकामी पिशवी चढवून त्या गोळा करायचे, फिनेलच्या फडक्याने टेबल पुसायचे आणि साबणाने दोनदा हात धुवायचे. तरी वर्गात मी हात बाकाखालीच ठेवायचे. शेजारच्या मुलीला वास येईल असं वाटायचं.

आमचं भाड्याचं घर बेंगळूरमधल्या यशवंतपूरच्या बाजारापासून दोन गल्ल्या आत आहे. खाली मालकीणबाई शिवलीला अक्का राहतात आणि वर गच्चीवर बांधलेल्या दोन खोल्यांत आम्ही. बाबांना इथल्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात नोकरी लागली, म्हणून दोन वर्षांपूर्वी आम्ही साताऱ्याहून इथे आलो. पुढच्या खोलीत स्वयंपाक, जेवण आणि आईचं ऑफिस. ती दिवसभर हेडफोन लावून कुठल्यातरी कंपनीच्या ग्राहकांशी बोलत असते. मागची खोली माझी आणि सिद्धीची. सिद्धी माझी बहीण, सहा वर्षांची.

दोन्ही खोल्यांवर पत्रा आहे. ऊन लागू नये म्हणून पत्र्याखाली ग्लासवूल पसरलेली, म्हणजे काचेच्या बारीक तंतूंची पिवळी लोकर, आणि ती दिसू नये म्हणून तिच्याखाली पांढरं जिप्समचं छत. उंदीर त्या मधल्या जागेत राहायचे. त्यांचं सगळंच तिथे चालायचं. माझ्या टेबलावर छताच्या सांध्यातून लेंड्या पडायच्या आणि सिद्धीच्या पलंगावर छताला एक डाग पडला होता. चहा सांडल्यासारखा, कडेला गडद. दर आठवड्याला तो बोटभर वाढायचा. ऊन तापलं की त्याला वास सुटायचा. मुतारीचा, पण त्यात काहीतरी गोडसर मिसळलेलं, नासलेल्या खिरीसारखं. जेवताना तो आठवला की घास तोंडात फिरायचा.

सिद्धीला नोव्हेंबरपासून खोकला होता. डॉक्टरांनी तिच्या पाठीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि आईला सांगितलं, "एकतर छतातली घाण काढा, नाहीतर पोरीला त्या खोलीतून काढा. ही घरघर अशीच राहिली तर दमा जन्माचा मागे लागेल." आमच्याकडे तिसरी खोली नव्हती. म्हणून घाण काढायचं ठरलं.

उंदीर दिवसा झोपतात आणि अंधार पडला की बाहेर येतात, असं विज्ञानाच्या पुस्तकात आहे. आमचे दुपारी तीनला यायचे. सिद्धी शाळेतून येऊन पलंगावर पडली की वर खुडबुड सुरू व्हायची, बरोबर तिच्या डोक्यावर.

२

मला कन्नड लिहिता येतं, पण बोलताना जीभ अडते. आठवीत भाग्यलक्ष्मी मिसनी मला उभं करून विचारलं होतं, पुस्तक कुठे आहे? मला म्हणायचं होतं, पुस्तक इथे आहे. 'इथे' म्हणजे इल्ली. मी घाबरून म्हणाले, इली. इली म्हणजे उंदीर. पुस्तक उंदीर आहे, हे ऐकून अख्खा वर्ग हसला. मिस हसल्या नाहीत. म्हणाल्या, "ल वर थांब. जीभ टाळूला दाबून धर, मग सोड." त्या दिवसानंतर मी वर्गात आपणहून कन्नड बोललेले नाही. पण तो दाबून धरलेला ल मात्र मला कुठेही लगेच ऐकू येतो.

सिद्धी पहिलीत. तिच्या कन्नड पुस्तकात 'इ' समोर करड्या उंदराचं चित्र आहे. जानेवारीत ती म्हणायला लागली, "ताई, वरती इली इली असं म्हणतंय."

मला वाटलं, धडा डोक्यात बसलाय. बाबा तर जेवता जेवता हसले. "बेंगळूरचे उंदीर आहेत. कन्नडच बोलणार. आपल्यासारखे दोन वर्षांत नुसतं 'स्वल्प, स्वल्प येतं' करत नाहीत बसत."

पण ती डोक्यावरून पांघरूण घ्यायला लागली आणि पांघरुणात खोकला आणखी वाढला. तिची भीती जावी म्हणून मी एक खेळ काढला. वर आवाज झाला की तिने विचारायचं, "इली एल्ली?" उंदीर कुठे? मी आवाजाच्या दिशेला बोट करून म्हणायचं, "इली इल्ली." उंदीर इथे. काहीच ऐकू आलं नाही तर दोघींनी मिळून, "इली इल्ला." उंदीर नाही.

तिला हा खेळ फार आवडला. चार दिवसांत ती पांघरुणाबाहेर आली, पलंगावर उताणी पडून, हात डोक्याखाली घेऊन विचारायला लागली. पुढे पुढे 'इली' गळून गेलं, नुसतंच "एल्ली?" उरलं. ती विचारायची आणि वरची खुडबुड एकदम थांबायची. मी स्वतःला सांगितलं, माणसाचा आवाज ऐकून उंदीर थिजतातच. ते खरंही आहे. पण हे थिजण्यासारखं नव्हतं. कुणीतरी कान दिल्यासारखं होतं.

तो प्रश्न तिला मी शिकवला. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण नंतर मला कुणी ते विचारलं नाही.

३

शिवलीला अक्कांनी मल्लाप्पा अण्णांना बोलावलं. ते अक्कांच्याच अथणीकडचे, पन्नाशीचे; तिकडे सगळ्यांना मराठी येतं. उंदरांचा बंदोबस्त करायचा आणि खराब छतं उतरवून नवी बसवायची, हेच त्यांचं काम. आमच्या कपाटाच्या वर छताला प्लायवुडचं चौकोनी झाकण आहे. शिडी लावून ते झाकण सरकवून त्यांनी वर डोकं घातलं.

खालून अक्का आईला म्हणत होत्या, "अंजली, एवढं काय मनाला लावून घ्यायचं ग? अट्टावर उंदीर नसतील तर काय हत्ती असतील?" अट्टा म्हणजे माळा.

"अक्का, तुमी एकदा डोकं घालून बगा," वरून मल्लाप्पा अण्णा म्हणाले, "मग हत्तीचं बोला."

खाली उतरून ते आधी मोरीत जाऊन थुंकले. मग आईला म्हणाले, "वैनी, ती लोकर न्हाई ऱ्हायली आता. मुताचा स्पंज झालाय निसता. समदी काढायला पायजे. पण आदी उंदीर, मग लोकर. आणि एक ध्येनात ठिवा, झाडू मारायचा न्हाई. सुकं उडवलं की छातीत गेलंच म्हणून समजा."

त्यांनी वर चिकट पुठ्ठे ठेवले. दुसऱ्या दिवशी ते पुठ्ठे काढायला आले तेव्हा मी दारात उभी होते. बघायचं नव्हतं, पण बघितलं. एका पुठ्ठ्यावर तीन होते. त्यातल्या मोठ्या उंदराने सुटण्यासाठी स्वतःचा मागचा पाय चावून जवळजवळ तोडला होता आणि आता त्याचं तोंडही गोंदात रुतलं होतं. त्याची बाजू अजून हलत होती. धाकट्या दोघांच्या अंगाखाली पिवळं पाणी साचलं होतं. अण्णांनी पुठ्ठा मिटला तेव्हा चिकट, ओला आवाज झाला. आई तोंडाला पदर लावून आत पळाली.

तीन दिवसांत पुठ्ठे रिकामे येऊ लागले. त्यांच्यावर ठेवलेलं खाणं जसंच्या तसं राहिलं. "आता वर कोण न्हाई," अण्णा म्हणाले. "शनिवारी लोकर काढतो. सरी? ठीक हाय न्हवं?"

आणि खरंच, माझं टेबल स्वच्छ राहायला लागलं. सकाळी मी पिशवी हाताला चढवून उभी राहायचे आणि उचलायला काहीच नसायचं. पण दुपारी तीनची खुडबुड थांबली नाही.

त्याच आठवड्यात सिद्धीला आंघोळ घालताना आईला तिच्या पाठीवर पुरळ दिसलं. बारीक लाल दाणे, मानेपासून कमरेपर्यंत. अण्णांनी ते पाहून स्वतःची बाही वर केली. त्यांच्या हातावर तसेच दाणे होते. "ग्लासवूल लागली हिला."

"फटीतून गादीवर पडत असणार," आई म्हणाली.

"पडत असंल," अण्णा म्हणाले.

आईने चादर धुतली, गादीवर नवं प्लास्टिक घातलं. पुरळ वाढलं. काचेचे तंतू उन्हात चमकतात, हे मला माझ्या टेबलामुळे माहीत होतं. रात्रभर वापरलेली चादर मी खिडकीत धरून झटकली. एकही तंतू चमकला नाही. मग मी सिद्धीचा फ्रॉक धरला. पुढून काही नव्हतं. पाठीमागे मात्र तो गळ्यापासून घेरापर्यंत नुसता लखलखत होता.

४

बुधवारी चाचणी परीक्षा होती, म्हणून मी लवकर घरी आले. आई कॉलवर होती. तिने ओठांवर बोट ठेवून मला गप्प राहायची खूण केली. मी बूट हातात घेऊन मागच्या खोलीकडे गेले. दार अर्धवट लोटलेलं होतं.

आत सिद्धी म्हणाली, "एल्ली?"

वरून आवाज आला, "इल्ली."

मी तिथेच उभी राहिले. तो आवाज मोठा नव्हता, बारीकही नव्हता. कोरडा होता. तोंडात लोकर कोंबून कुणी बोलावं तसा. पण ल वर तो थांबला होता. जीभ टाळूला दाबून धरून मग सोडली होती. मला वर्षभर आरशासमोर उभं राहून जमलं नव्हतं, इतकं स्वच्छ.

मी विचार केला. खाली अक्कांचा टीव्ही असेल, त्यांच्या मालिका कन्नडच असतात. मी जिना उतरून पाहिलं. टीव्ही बंद होता. अक्का दिवाणावर तोंड उघडं टाकून झोपल्या होत्या. शेजारच्या इमारतीतलं कुणी असेल. पण त्या बाजूला नुसती भिंत आहे. मग सिद्धीनेच आवाज बदलून उत्तर दिलं असेल, लहान मुलं देतात तसं. हे मला पटलं. पटावं असं फार वाटत होतं.

मी परत वर येऊन दार ढकललं. सिद्धी उताणी पडली होती. "एल्ली?" तिने पुन्हा विचारलं आणि तिचे ओठ मिटले.

"इल्ली."

या वेळी डागाच्या अगदी मधोमध. सिद्धी माझ्याकडे बघून हसली. तिचे ओठ अजून मिटलेलेच होते.

मी पुढच्या खोलीत गेले आणि आईचा दंड धरला. तिने हेडफोनचं बटण दाबलं. "काय ग?"

"आई, वरून कुणीतरी बोललं."

"काय बोललं?"

"इल्ली."

"अगं, इली म्हणजे उंदीर. पुस्तकातलं आहे ते तिच्या. तीच घोकतेय गेले महिनाभर."

"इली नाही, इल्ली. दोन ल. म्हणजे इथे."

"यशू, समोर माणूस ताटकळलाय. दोन ल, चार ल, नंतर बघू." तिने बटण पुन्हा दाबलं आणि वेगळ्याच आवाजात म्हणाली, "सॉरी टु कीप यू वेटिंग, सर."

म्हणजे सिद्धी महिनाभर बरोबर सांगत होती. आम्हीच सगळे एका ल ने चुकीचं ऐकत होतो. वर कुणी उंदराचं नाव घेत नव्हतं. वर कुणीतरी, मी इथे आहे, म्हणत होतं.

मी परत जाऊन सिद्धीजवळ बसले. "हा खेळ आता बंद."

"का?"

"मी सांगते म्हणून."

ती खोकली, बराच वेळ. पाठीवर हात फिरवताना माझ्या तळव्याला बारीक टोचलं. मग ती म्हणाली, "पण ती कधीच चुकत नाही, ताई. तू चुकतेस."

५

शनिवारी मल्लाप्पा अण्णा पांढरा कागदी डगला, रबरी हातमोजे आणि जाड मास्क घालून आले. पाठीवर फवारणीचा पंप होता, त्यात ब्लीचिंगचं पाणी. बाबांना सुट्टी मिळाली नव्हती. सिद्धीला अक्कांकडे खाली पाठवलं. पलंग, कपाट, टेबल सगळं प्लास्टिकखाली झाकलं.

आधी त्यांनी वर शिंपडलं आणि अर्धा तास नुसते थांबले. त्या वेळात कोपऱ्यातले लोकरीचे दोन तुकडे खाली आणून त्यांनी मला फरक दाखवला. "बग पाप्पा, ही चांगली." पाप्पा म्हणजे बाळ. मूठ दाबली, खळगा पडला आणि हळूहळू भरून वर आला. "आणि ही भिजल्याली. दाबली की मेली." दुसऱ्या तुकड्यावर त्यांच्या मुठीचा ठसा तसाच राहिला. त्याच्या कडेने तपकिरी पाणी झिरपलं.

मग पिशव्या खाली यायला लागल्या. मोठ्या, काळ्या. अण्णा वर भरायचे, मी झाकणाखाली धरायचे, आई गच्चीवर नेऊन सुतळीने तोंड बांधायची. आम्ही दोघींनीही मास्क लावले होते, तरी वास डोळ्यांना झोंबत होता. लोकर पिवळी उरलीच नव्हती. ती ओल्या शेणासारखी, थरांची झाली होती. मध्ये बोगदे होते, आतून तेलकट, काळे, कित्येक अंगं घासून गुळगुळीत झालेले. एका गठ्ठ्यातून आईच्या कंगव्यातल्या केसांचा गुंता लोंबत होता. त्यात सिद्धीच्या गृहपाठाच्या वहीचे कपटे, माझ्या हरवलेल्या मोज्याचा तुकडा आणि गुलाबी पिल्लं. डोळे न उघडलेली, मेलेली. काही अर्धीच होती. आईने ती पिशवी घेतली, गच्चीवर नेली आणि तिथेच ओकली. ती मोरीत तोंड धूत असताना वरून अण्णांनी हाक मारली.

"पाप्पा, हिकडची ब्याटरी गेली बग. तुज्या मोबाइलचा उजेड दाव."

मी शिडी चढले. झाकणातून डोकं आणि हात वर काढले. वर पत्रा हाताच्या अंतरावर होता. खिळ्यांच्या भोकांतून उन्हाचे दोरे खाली उतरले होते आणि त्यांत तंतू तरंगत होते. अण्णा पुढच्या खोलीच्या बाजूला, लाकडी वाशावर पालथे होते. त्यांची पाठ माझ्याकडे होती. मी त्यांच्यावर उजेड धरला. मग माझ्या बाजूला काहीतरी चमकलं, म्हणून मोबाइल तिकडे वळवला.

सिद्धीच्या पलंगाच्या वरची लोकर अजून काढायची होती. ती सगळ्यांत जास्त भिजलेली, काळी. तिच्यात एक खळगा होता, उताण्या माणसाचा असतो तसा. डोकं, पाठ, टाचा. सहा वर्षांच्या मुलीएवढा. डोक्याच्या जागी सिद्धीची लाल क्लिप होती.

त्या खळग्याला लागून दुसरा होता. अरुंद, आणि लांब. इतका लांब, की त्याचं दुसरं टोक माझ्या उजेडात आलं नाही. दोघांच्या मध्ये लोकर उरली नव्हती, खूप दिवस कुशीला कूस लावून झोपलं की गादीची होते तशी.

मी स्वतःला सांगितलं, उंदरांनी पोखरलं असेल. बुडाला पाणी साचून बसलं असेल. मी उजेड नीट धरला.

लहान खळगा तसाच होता, मेलेला. लांब खळगा हलत होता. भिजलेली ती लोकर कडेकडेने फुगत होती, हळूहळू वर येत होती. कुणीतरी नुकतंच उठून गेल्यासारखी.

"अण्णा," मी म्हणाले. त्यांनी मान वळवली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मी पाहत होते तिकडे. त्यांच्या मास्कचा कागद आत ओढला गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

"स्वल्प खाली उतर, पाप्पा," ते हळूच म्हणाले. "उतर म्हणतो न्हवं."

त्यानंतर ते चहाला थांबले नाहीत, पाण्याला थांबले नाहीत. तो भाग त्यांनी न बघता, तोंड फिरवून पिशव्यांत भरला. दुपारपर्यंत जुनं छत उतरवलं, जाळी ठोकली, जिप्समचे नवे पांढरे बोर्ड बसवले आणि झाकणाला चारही बाजूंनी स्क्रू मारले. मग हातमोज्यातली मूठ उघडून ती क्लिप आईसमोर धरली.

"वैनी, धाकटी वर जाती काय?"

"वर? तिथे?" आई म्हणाली. "अहो, कपाटाच्या वरच्या कप्प्याला हात पोचत नाही तिचा."

"मग सरी," अण्णा म्हणाले. त्यांनी पिशव्या उचलून आमच्या दारापासून जेवढ्या लांब ठेवता येतील तेवढ्या लांब, पाण्याच्या टाकीपाशी रचल्या. "टेंपो सोमवारी. तवर हात लावू नका कुणी."

आईने सिद्धीला वर आणून क्लिप दाखवली. सिद्धीने क्लिप पाहिली नाही. ती नव्या छताकडे बघत होती.

"माझी जागापण काढली?" तिने विचारलं.

आईने तिला पहिल्यांदाच मारलं. मग तिला कुशीत घेऊन रडली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तू मोठी आहेस ना? मग तुझं लक्ष कुठे होतं?"

६

रविवारी सकाळी सिद्धी एकदाही खोकली नाही. आईने तिच्या पाठीला कान लावला, मग बाबांना लावायला सांगितला. "घरघर नाही," बाबा म्हणाले. खोलीत छताच्या सांध्यांत भरलेल्या पुट्टीचा आणि फिनेलचा वास होता. दोन्ही चांगले वास. आईने कित्येक महिन्यांनंतर शिरा केला आणि मला पहिल्यांदा त्या खोलीत बसून खाता आलं.

अकरा वाजता आई-बाबा खिडकीसाठी नवा पडदा आणायला निघाले. जाताना आई म्हणाली, "अर्ध्या तासात येतो. तिला त्या पिशव्यांजवळ सोडू नकोस. यशू, ऐकतेस ना? एक क्षणभरसुद्धा."

मी हो म्हणाले. सिद्धी मागच्या खोलीत पलंगावर बसून चित्र रंगवत होती. तिचा पलंग खिडकीला लागून आहे आणि खिडकी गच्चीवर उघडते. दोरीवरचे कपडे वाळले होते. मी ते काढायला बाहेर आले आणि सिद्धी मागून येऊ नये म्हणून दाराला बाहेरून कडी घातली.

ऊन चढलं होतं. टाकीपाशी काळ्या पिशव्या तापून फुगल्या होत्या. त्यांना आतून घाम सुटला होता, सुतळीच्या गाठींपाशी थेंब जमलेले दिसत होते. वास गच्चीभर पसरला होता, गोडसर, उकडलेला. मी तोंडाने श्वास घेत चिमटे काढत होते. पिशव्या मधूनमधून कुरकुरत होत्या. प्लास्टिक उन्हात तसं वाजतंच.

"एल्ली?"

मी हातातला चिमटा सोडला नाही. गरम हवा गाठीतून निसटली असेल, असं मला वाटलं.

"एल्ली?" आता दुसऱ्या पिशवीतून. तोच कोरडा आवाज, तोच दाबून धरलेला ल. पण शेवट वर चढवलेला. मग तिसऱ्या पिशवीतून, जरा घाईने. "एल्ली?"

महिनाभर आम्ही विचारत होतो आणि ते सांगत होतं. आता ते विचारत होतं. झोपेतून उचलून कुणाला दुसऱ्याच घरी नेलं की तो विचारेल तसं. मला हायसं वाटलं. कारण ज्या अर्थी विचारत होतं, त्या अर्थी त्याला ठाऊक नव्हतं. सिद्धी कुठे आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. उद्या टेंपो येणार होता. तोपर्यंत कुणी उत्तर दिलं नाही म्हणजे झालं.

मी सिद्धीचा गणवेश छातीशी धरून हळूच वळले.

ती खिडकीत होती. पलंगावर उभी राहून तिने दोन्ही हातांनी गज धरले होते. वर्गात फक्त आपल्यालाच उत्तर येतंय हे कळलेल्या मुलीचा चेहरा असतो, तसा तिचा चेहरा होता.

मी ओठांवर बोट ठेवलं. जोरजोरात मान हलवली. मला ओरडायचं होतं, इल्ला, नाही, इथे कुणी नाही. शब्द तोंडात होता. जीभ टाळूला लागली आणि तिथेच राहिली.

"इल्ली!" सिद्धी म्हणाली.

पिशव्या गप्प झाल्या. सगळ्यांत मागची, टाकीला टेकलेली पिशवी हळूहळू खाली बसली, आतलं काहीतरी काढून घेतल्यासारखी. तिची सुतळी बांधलेलीच होती.

मी दाराकडे धावले. कडीला हात घालताना खिडकीतून मला सिद्धी दिसली. ती गज सोडून पलंगावर बसली होती. तिने रंगाचे खडू उचलून पलीकडे ठेवले आणि भिंतीकडे थोडी सरकली, शेजारी कुणाला तरी जागा करून द्यावी तशी.